सहा बोल्टपासून पाच व्होल्टपर्यंत: मोटरचा वेग विद्युत संकेतात आणण्याची कृती

चार पोलच्या त्रिफेज इंडक्शन मोटरच्या नेमप्लेटवर बहुधा १४४० आरपीएमच्या (मिनिटाला इतक्या फेऱ्यांच्या) आसपासचा आकडा कोरलेला असतो, आणि पुष्कळदा तोच मोटरचा वेग मानून पुढची सगळी गणिते केली जातात. प्रत्यक्षात तो आकडा पूर्ण भारावरचा असतो. ५० हर्ट्झवर चार पोलच्या मोटरमधले चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे फिरते (१२० गुणिले वारंवारता, भागिले पोलची संख्या), आणि रोटर त्याच्या थोडा मागे रेंगाळतो. या मागे राहण्यालाच स्लिप म्हणतात. भार नसताना मोटर १४९० च्या पुढे असते, भार वाढेल तशी ती १४४० कडे उतरते, आणि व्होल्टेज पडले तर त्याहूनही खाली जाते. व्हीएफडीच्या (वारंवारता बदलून मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) अ‍ॅनालॉग टर्मिनलवर मिळणारे ० ते १० व्होल्ट सर्वसाधारणपणे ड्राइव्हने पाठवलेल्या वारंवारतेचे असतात. शाफ्ट खरोखर किती फिरला, हे त्यातून कळत नाही. पट्टा पुलीवर घसरत असेल किंवा दोन रोलांच्या वेगांचे प्रमाण राखायचे असेल, तर वेग शाफ्टवरूनच घ्यावा लागतो.

समजण्यास सोपे जावे म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत समोर ठेवू. पाच एचपीची, चार पोलची मोटर थेट ४१५ व्होल्टच्या सप्लायवर चालते आहे, तिच्या शाफ्टवर सहा बोल्टची फ्लँज कपलिंग (दोन शाफ्ट जोडणाऱ्या, बोल्टने आवळलेल्या चकत्या) आहे, आणि आपल्याला ० ते १५०० आरपीएमसाठी ० ते ५ व्होल्ट एवढा संकेत पॅनेलमध्ये हवा आहे. त्याच पल्सवरून मायक्रोकंट्रोलरवर आकडाही दाखवायचा आहे.

सेन्सर निवडताना

वेग विद्युत संकेतात आणण्याचा सर्वांत जुना आणि सरळ मार्ग म्हणजे टॅकोजनरेटर, म्हणजे शाफ्टला जोडलेला छोटा डीसी जनित्र. त्याचे व्होल्टेज वेगाच्या प्रमाणात वाढते आणि फिरण्याची दिशा उलटली की ध्रुवताही उलटते. दर हजार आरपीएमला ६० व्होल्ट देणारे टॅको जुन्या डीसी ड्राइव्हवर अजूनही दिसतात. त्याची गैरसोय एवढीच की त्याला ब्रश असतात, ब्रश झिजतात, आणि शाफ्टच्या टोकाशी तो अगदी रेषेत बसवावा लागतो. शाफ्टच्या टोकाला जागा असेल आणि खर्चाची तयारी असेल तर एन्कोडर, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला ठरावीक पल्स देणारे तयार उपकरण, उत्तमच; दिशा हवी असेल तर पाव चक्राच्या अंतराने येणारे त्याचे दोन पल्स-संकेत कामी येतात. छोट्या मोटरीवर, पंख्यावर किंवा प्रयोगशाळेतल्या मांडणीत चुंबकीय क्षेत्र ओळखणारा हॉल सेन्सर आणि एक चुंबक एवढ्यावर भागते. एडविन हॉल यांना हा परिणाम १८७९ मध्ये सापडला, आणि आज ए ३१४४ सारखा तीन पायांचा स्विच पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतो. मात्र चुंबकाला लोखंडाचा कीस चिकटतो, त्यामुळे लेथ किंवा ग्राइंडरच्या शेजारी मी तो वापरत नाही.

कारखान्याच्या धुळीत, तेलात आणि उन्हाळ्यात वर्षानुवर्षे टिकणारा सेन्सर म्हणजे इंडक्टिव्ह प्रॉक्सिमिटी; तो जवळ आलेली धातू न शिवता ओळखतो. त्याला चुंबक लागत नाही, काच पुसावी लागत नाही आणि कपलिंगचे बोल्टच त्याचे दात होतात. आपण एम १२ आकाराचा, तीन वायरचा, १० ते ३० व्होल्ट डीसीवर चालणारा पीएनपी (धातू समोर आली की आउटपुटवर अधिक व्होल्टेज देणारा) सेन्सर घेऊ. दोन वायरचा एसी प्रॉक्सिमिटी स्वस्त वाटला तरी वेगमापनासाठी तो घेऊ नये, कारण सेकंदाला साधारण पंचवीसच्या पुढे तो उघडझाप करू शकत नाही आणि आपल्याला सेकंदाला दीडशे पल्स हवे आहेत.

दात किती, हा प्रश्न सर्वांत आधी

या कामात लोक आयसी, कार्ड आणि डिस्प्ले यांवर तासन्‌तास बोलतात आणि एका फेऱ्याला किती पल्स मिळणार हे मात्र हाताला लागेल त्यावर सोडून देतात. माझा अनुभव याच्या अगदी उलट आहे. संकेत किती स्थिर राहील, किती लवकर बदलेल आणि किती बारकाईने वाचता येईल, या तिन्ही गोष्टी दातांच्या संख्येवरच ठरतात, आणि ती संख्या एकदा शाफ्टवर बसली की नंतर बदलणे जड जाते.

हिशेब असा आहे. १५०० आरपीएम म्हणजे सेकंदाला २५ फेरे. एका फेऱ्याला एक पल्स असेल तर २५ हर्ट्झ, सहा असतील तर १५० हर्ट्झ आणि साठ असतील तर १५०० हर्ट्झ. साठ दातांची मौज अशी की हर्ट्झचा आकडा हाच आरपीएमचा आकडा होतो, आणि साधा फ्रिक्वेन्सी मीटर लावला तरी वेग सरळ वाचता येतो. मग सगळीकडे साठच दात का घेऊ नयेत? अडचण सेन्सरच्या तोंडाची आहे. उत्पादक आपल्या सेन्सरची गती ज्या मांडणीवर सांगतात, तीत दाताची रुंदी सेन्सरच्या व्यासाएवढी आणि दोन दातांमधली पोकळी त्याच्या दुप्पट धरलेली असते. एम १२ साठी म्हणजे १२ मिलिमीटरचा दात आणि २४ मिलिमीटरची पोकळी. सहा दातांना २१६ मिलिमीटर परीघ लागतो, म्हणजे सुमारे ६९ मिलिमीटर व्यास. तो कोणत्याही मध्यम कपलिंगवर मिळतो. साठ दातांना त्याच मापाने जवळजवळ ६९० मिलिमीटरची चकती लागेल, म्हणजे मोटरपेक्षा चकतीच मोठी! तेव्हा प्रॉक्सिमिटी असेल तर सहाच्या आसपास थांबावे, आणि साठ हवेच असतील तर खाचांची चकती व ऑप्टिकल सेन्सर, नाहीतर एन्कोडर, हा मार्ग धरावा.

बोल्टची धातूही पाहून घ्यावी. सेन्सरवर लिहिलेले धातू ओळखण्याचे अंतर साध्या पोलादासाठी असते. स्टेनलेसवर ते कमी होते, आणि अ‍ॅल्युमिनिअम किंवा तांब्यावर तर निम्म्याहूनही खाली येते.

बसवणी

काम सुरू करण्याआधी आयसोलेटर (मोटरचा सप्लाय तोडणारा मुख्य स्विच) बंद करून त्याला कुलूप घालावे आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी. स्टार्टरचे लाल बटण दाबले म्हणजे मोटर बंद झाली, एवढ्यावर कपलिंगजवळ हात नेऊ नये.

सेन्सरचा ब्रॅकेट मोटरच्या बेसफ्रेमवरून, निदान पाच मिलिमीटर जाडीच्या अँगलचा करावा. कपलिंग गार्डच्या पत्र्याला सेन्सर अडकवणे सोयीचे दिसते, परंतु गार्ड थरथरतो आणि देखभालीच्या वेळी तो काढला जातो, तेव्हा सेन्सरचे अंतर दर वेळी नव्याने लावावे लागते. फ्लश प्रकारच्या (तोंड धातूशी समतल बसवता येणाऱ्या) एम १२ सेन्सरचे नाममात्र अंतर २ मिलिमीटर असते, पण तापमान आणि सप्लाय यांतले बदल धरून खात्रीचे अंतर त्याच्या ८१ टक्के, म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटरच धरावे. मी १.२ मिलिमीटरवर लावतो. फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पात्यांचे माप) घेऊन कपलिंग हाताने फिरवत सहाही बोल्टांशी अंतर मोजावे. सगळे बोल्ट सारखेच पुढे आलेले असतात असे मानू नये. सर्वांत पुढे आलेल्या बोल्टपासून सेन्सर सुरक्षित राहावा आणि सर्वांत मागच्या बोल्टलाही तो लागावा, अशा जागी दोन्ही लॉकनट आवळावेत. सेन्सरच्या प्लॅस्टिकच्या तोंडावर बोल्ट एकदाच घासला तरी पुरते; वाचलेला सेन्सर माझ्या पाहण्यात नाही.

आता सेन्सरला फक्त २४ व्होल्ट देऊन शाफ्ट हाताने सावकाश एक पूर्ण फेरा फिरवावा आणि त्याच्या पाठीवरचा पिवळा दिवा मोजावा. सहा वेळा लागला पाहिजे, आणि दोन बोल्टांच्या मधे पूर्ण विझला पाहिजे. पाच वेळा लागला तर एक बोल्ट मागे आहे. विझतच नसेल तर सेन्सर फ्लँजच्या धातूच्या फार जवळ गेला आहे. ही एक मिनिटाची तपासणी पुढचे दोन तास वाचवते.

वायरिंग आणि ऑप्टोकपलर

तपकिरी वायर अधिक २४ व्होल्टला, निळी शून्याला आणि काळी आउटपुट, हा रंगसंकेत तीन वायरच्या डीसी सेन्सरला सर्वत्र सारखा आहे. पीएनपी सेन्सरसमोर धातू आली की काळ्या वायरवर जवळजवळ २४ व्होल्ट येतात. हे सरळ कार्डावर नेऊ नयेत. काळ्या वायरमध्ये २.२ किलोओहमचा अर्ध्या वॉटचा रोध घालून पीसी ८१७ या ऑप्टोकपलरचा, म्हणजे दोन सर्किटे वेगळी ठेवून प्रकाशाने संकेत पलीकडे नेणाऱ्या आयसीचा, एलईडी चालवावा. त्यातून सुमारे दहा मिलिअँपिअर वाहतात आणि रोधात पाव वॉटच्या जवळ उष्णता होते, म्हणून पाव वॉटचा रोध नको. दुसऱ्या बाजूला ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला ४.७ किलोओहमचा पुल-अप रोध द्यावा: अ‍ॅनालॉग कार्डासाठी १२ व्होल्टकडे, मायक्रोकंट्रोलरसाठी ५ व्होल्टकडे. दोन्ही हवे असतील तर दोन ऑप्टोकपलर वापरावेत; पंधरा-वीस रुपये वाचवण्यासाठी दोन सप्लाय एकमेकांत गुंतवू नयेत.

सेन्सरची केबल शील्डची असावी, शील्ड फक्त पॅनेलच्या बाजूला अर्थ करावी, आणि ती मोटरच्या पॉवर केबलबरोबर एकाच ट्रेमधून नेऊ नये. जवळपास व्हीएफडी असेल तर हे विशेष कटाक्षाने पाळावे, कारण ड्राइव्हचे आउटपुट सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करते आणि त्यातला प्रत्येक झटका शेजारच्या बारीक वायरवर उमटू शकतो. पॉवर केबल ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडावी.

पल्सपासून व्होल्टेज

वारंवारतेचे व्होल्टेज करण्यासाठी एलएम २९०७ हा जुना आयसी अजूनही हाताशी धरण्याजोगा आहे. त्याच्या आत चार्ज पंप असतो: प्रत्येक पल्सला सी१ हा कपॅसिटर ठरावीक विद्युतभार ओततो, तो आर१ या रोधातून वाहतो आणि सी२ त्याला सपाट करतो. म्हणून त्याचे सूत्रही तितकेच साधे आहे: आउटपुट म्हणजे सप्लाय गुणिले वारंवारता गुणिले सी१ गुणिले आर१.

आपला सप्लाय १२ व्होल्ट, वारंवारता १५० हर्ट्झ आणि हवे आहेत ५ व्होल्ट. म्हणजे सी१ आणि आर१ यांचा गुणाकार २.७८ मिलिसेकंद यायला हवा. सी१ २२ नॅनोफॅरड घेतला तर आर१ सुमारे १२६ किलोओहम येतो. म्हणून १०० किलोओहमचा मेटल फिल्म रोध आणि त्याच्या मालिकेत ५० किलोओहमचा बहुफेरी प्रीसेट (स्क्रू फिरवून बदलता येणारा रोध) लावावा. सप्लाय सूत्रात सरळ गुणाकारात येतो, तेव्हा तो ७८१२ सारख्या रेग्युलेटरमधूनच द्यावा. सी१ पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलिनचा असावा. स्वस्त सिरॅमिक चकती लावली तर सकाळी बरोबर दिसणारा वेग दुपारी पॅनेल तापल्यावर सरकतो, आणि मग दोष मोटरला दिला जातो.

या आयसीच्या आठ पायांच्या आवृत्तीत इनपुट शून्य व्होल्टच्या वरखाली जावे लागते, कारण तुलनेचा दुसरा पाय आतूनच जमिनीला जोडलेला असतो. आपले पल्स ० ते १२ व्होल्टचे आहेत. म्हणून चौदा पायांची आवृत्ती घ्यावी आणि तिच्या दुसऱ्या इनपुटला दोन समान रोधांनी ६ व्होल्ट द्यावेत, म्हणजे पल्स मध्यावर ओळखला जातो आणि पायथ्याशी रेंगाळणारा गोंगाट मोजला जात नाही. आतला ऑप-अ‍ॅम्प व्होल्टेज फॉलोअर (आले तेवढेच व्होल्टेज पुढे देणारा) म्हणून जोडावा आणि एमिटरपासून जमिनीकडे १० किलोओहम लावावा.

आता सी२. इथेच दातांचा मुद्दा पुन्हा समोर येतो. सी२ १ मायक्रोफॅरड ठेवला तर १५० हर्ट्झला आउटपुटवर सुमारे १०० मिलिव्होल्टची लहर राहते, म्हणजे ५ व्होल्टच्या पट्ट्यात दोन टक्के. वेगाच्या भाषेत सुमारे ३० आरपीएम. तो १० मायक्रोफॅरड केला तर लहर १० मिलिव्होल्टवर येते, पण आर१ आणि सी२ यांचा काळ ०.१३ सेकंदावरून १.३ सेकंदावर जातो, आणि मोटर थांबल्यावरही संकेत चार-पाच सेकंद खाली घरंगळत राहतो. पंप किंवा ब्लोअरसाठी ते चालेल. वेग नियंत्रित करणाऱ्या लूपसाठी चालणार नाही. साठ दात असते तर सी१ २.२ नॅनोफॅरड झाला असता आणि सी२ १ मायक्रोफॅरड असतानाच १० मिलिव्होल्टची लहर व ०.१३ सेकंदाचा प्रतिसाद, दोन्ही मिळाले असते. कपॅसिटर बदलून ही कोंडी फुटत नाही. आपल्या उदाहरणात मी सी२ ४.७ मायक्रोफॅरड ठेवीन.

संकेत तीस-चाळीस मीटरच्या पुढे न्यायचा असेल तर ५ व्होल्ट तसेच पाठवू नयेत. पॅनेलमध्येच तयार सिग्नल कन्व्हर्टर बसवून त्याचे ४ ते २० मिलिअँपिअर करावेत. १४४० आरपीएमला १९.३६ मिलिअँपिअर मिळतील, आणि पलीकडे २५० ओहमवर ते ४.८४ व्होल्ट होतील. शून्य वेगाला ४ मिलिअँपिअर असल्याने तुटलेली वायर आणि थांबलेली मोटर यांत गल्लत होत नाही.

पल्सपासून आकडा

मायक्रोकंट्रोलरवर नवशिक्या पहिल्यांदा एक सेकंदभर पल्स मोजतो. सहा दातांवर त्याची बारकाई १० आरपीएमची असते. १४४० आणि १४५० यांच्या मधले काही दिसतच नाही. त्याऐवजी वेळ मोजावी. आर्डुइनो उनोच्या दोन क्रमांकाच्या पिनवर इंटरप्ट (पल्स येताच प्रोग्रामला दखल घ्यायला लावणारी सोय) लावून प्रत्येक पल्सची मायक्रोसेकंदातली वेळ टिपावी, आणि एका पल्सपासून त्याच्या पुढच्या सहाव्या पल्सपर्यंतचा काळ काढावा. ६ कोटींना त्या काळाने भागले की आरपीएम मिळतात: ४१,६६७ मायक्रोसेकंद म्हणजे १४४०. या बोर्डाचे घड्याळ ४ मायक्रोसेकंदांच्या पायऱ्यांनी चालते, म्हणून बारकाई सुमारे ०.१४ आरपीएमवर येते. लगतच्या दोन पल्समधला काळ घेऊ नये, कारण बोल्टांची भोके एकमेकांपासून तंतोतंत सारख्या अंतरावर नसतात आणि आकडा विनाकारण नाचत राहतो. पूर्ण फेरा घेतला की तोच बोल्ट पुन्हा तिथे येतो आणि ती चूक नाहीशी होते.

या पद्धतीत एक खाच आहे. मोटर थांबली की नवा पल्स येत नाही, आणि डिस्प्लेवर शेवटचा आकडा तसाच गोठून राहतो. म्हणून अर्ध्या सेकंदात पल्स आला नाही तर वेग शून्य लिहावा. सहा दातांवर याचा अर्थ २० आरपीएमच्या खालचे सगळे शून्य, आणि ते बहुतेक कामांना चालते. हा एक ओळीचा प्रोग्राम विसरल्याने थांबलेली मोटर पडद्यावर चालू दिसते, आणि कुणीतरी गार्ड काढलेला असू शकतो.

जुळवणी आणि पडताळणी

प्रीसेट लावण्यासाठी फंक्शन जनरेटर असलाच पाहिजे असे नाही. २३० ते १२ व्होल्टचा छोटा ट्रान्सफॉर्मर घेऊन त्याच्या पुढे ब्रिज रेक्टिफायर लावावा, फिल्टर कपॅसिटर लावू नये, आणि सेन्सरच्या काळ्या वायरऐवजी ते आउटपुट २.२ किलोओहमच्या रोधातून ऑप्टोकपलरला द्यावे. सेकंदाला बरोबर १०० टेकड्या मिळतात, आणि सहा दातांच्या हिशेबाने १०० हर्ट्झ म्हणजे १००० आरपीएम. प्रीसेट फिरवून आउटपुट ३.३३ व्होल्ट करावे. आपल्या ग्रिडची वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात ठेवायची असते, तेव्हा ही कसोटी या कामाला पुरेशी अचूक आहे.

मग सेन्सर पुन्हा जोडून, गार्ड बसवून मोटर चालू करावी आणि रिफ्लेक्टिव्ह पट्टीवर हातातल्या टॅकोमीटरने ताडून पाहावे. टॅकोमीटर नसेल, पण जुनी चोकवाली ट्यूबलाइट असेल तर आणखी एक युक्ती आहे. ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते. शाफ्टच्या टोकावर चार समान खुणा काढल्या तर १५०० आरपीएमला त्या स्थिर दिसतील, आणि मोटर मागे पडते तितक्या वेगाने त्या उलट्या दिशेने फिरताना दिसतील. एका मिनिटात उलटे फेरे मोजले की तीच स्लिप: ६० फेरे म्हणजे १४४०. नव्या एलईडी ट्यूबवर किंवा इलेक्ट्रॉनिक चोकवर हे सहसा दिसत नाही, आणि व्हीएफडीवरच्या मोटरला हा हिशेब लागू होत नाही. फिरता शाफ्ट स्थिर भासतो म्हणूनच जुन्या वर्कशॉपमध्ये यंत्रांवरच्या शेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर टाकत असत, हेही ध्यानात ठेवून हात लांबच ठेवावा.

आकडा चुकला तर आधी त्याचे गुणोत्तर काढावे. एका कारखान्यात मी लावलेला डिस्प्ले १४४० ऐवजी स्थिरपणे १६८० दाखवू लागला. सप्लायवरची चार पोलची मोटर १५०० च्या पुढे स्वतःहून जाऊच शकत नाही, तेव्हा चूक मोजणीत होती हे उघड होते. मी शील्ड तपासली, ऑप्टोकपलर बदलला, अर्धा दिवस घालवला. मग १६८० ला १४४० ने भागले आणि उत्तर आले सात भागिले सहा. गार्ड काढून पाहिले तर कपलिंगचा समतोल साधण्यासाठी कुणीतरी त्याच वर्तुळात एक सातवा बोल्ट बसवला होता. व्यत्यय असता तर आकडा भरकटला असता. तो स्थिर होता आणि पूर्णांकांच्या प्रमाणात होता, म्हणजे तो धातूचाच होता. दुप्पट आकडा आला तर पल्सच्या दोन्ही कडा मोजल्या जात आहेत, सहाव्या हिश्श्याने कमी आला तर एक बोल्ट सुटला आहे, आणि आकडा वेडावाकडा उडत असेल तरच केबल आणि शील्डकडे वळावे.

तेव्हापासून पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला मी एक स्टिकर लावतो: पल्स प्रति फेरा ६, अंतर १.२ मिमी, १०० हर्ट्झला ३.३३ व्होल्ट. पुढच्या वेळी कपलिंग उघडणारा माणूस मीच असेन असे नाही.